पेजेतले मीठ आणि ‘असेंद्रिय’ या शब्दाचा घोळ

(वेंगुर्ले तालुक्यातील एका गृहिणीचे पत्र आले आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते सारांशाने देत आहोत.)

‘माझे वय ४३. घरात सासरे (वय ७२), सासूबाई (वय ६७), यजमान, सोळा वर्षांची मुलगी आणि मी. सासऱ्यांना रक्तदाब आहे. त्यांच्या गोळीच्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी दोन नावे आहेत. गेल्या वर्षी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १.६ आले होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. त्याच सुमारास मी मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ पाहू लागले आणि मीठ हे ‘असेंद्रिय संयुग’ आहे असे मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचले. आमची बाग सेंद्रिय, परसातली भाजी सेंद्रिय; मग शरीरात असेंद्रिय पदार्थ कशाला, असे वाटून तीन महिन्यांपूर्वी मी सासऱ्यांचे मीठ पूर्ण बंद केले आणि इतरांसाठी गुलाबी सैंधव आणले. सासूबाईंच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि मुलीला शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळीही थांबवली. मुलीचे हिमोग्लोबिन ९.२ आहे. आता सासऱ्यांना माडांना पाणी लावताना चक्कर येते. ते चोरून खारातली कैरी खातात हे कळल्यावर घरात मोठा वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, “बिनमिठाची पेज गुरांका घालतत, माणसांका नाय.” मुंबईच्या नणंदेने कमी सोडियमच्या मिठाची पुडी पाठवली आहे. ती वापरू का? रोज शहाळे देऊ का? आणि शरीरातली ही असेंद्रिय द्रव्ये कमीत कमी राहावीत म्हणून आणखी काय करू?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक आहे. परंतु एक काम त्याआधीचे आहे आणि ते या आठवड्याच्या पुढे ढकलू नये, म्हणून ते प्रथम सांगतो. सासऱ्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि ‘तीन महिने मीठ पूर्ण बंद आहे आणि चक्कर येते’ ही दोन्ही वाक्ये एकत्र सांगा. रक्तातील सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाब बसलेला असताना एकदा आणि उभे राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनी पुन्हा, असा दोनदा मोजायला सांगा. क्लोरथॅलिडोन हे लघवीवाटे सोडियम बाहेर टाकणारे औषध आहे. जेवणातून मीठ येत नाही, औषधाने ते बाहेर जाते आणि बागेतल्या उन्हात घामानेही जाते, अशा तिहेरी ओढीत बहात्तर वर्षांच्या माणसाचे सोडियम घसरणे सहज शक्य आहे. चक्करेची कारणे इतरही असू शकतात, ती तपासणीतूनच कळतील. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. त्यांचे बोलणे असंबद्ध वाटू लागले, सतत उलट्या होऊ लागल्या, झटका आला, अंगातले त्राण एकाएकी गेले किंवा छातीचे ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

हे इतक्या घाईने सांगण्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत, पावसाळ्यात दवाखान्यात गर्दी असताना, एका वृद्ध मच्छीमाराला मी तोंडी ‘मीठ बंद’ एवढेच सांगितले आणि पुढचा रुग्ण बोलावला. मला म्हणायचे होते ‘वरून मीठ घेऊ नका, खारे मासे कमी करा’. त्या गृहस्थांनी शब्द पाळला, माझ्या अपेक्षेपेक्षा फारच काटेकोरपणे पाळला, आणि तीन आठवड्यांनी मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला तेव्हा ते त्याचेच नाव विसरले होते. सोडियम ११८ होते. ते १३५ ते १४५ या दरम्यान असावे लागते. रुग्णालयात सावकाश उपचार होऊन ते बरे झाले. तेव्हापासून ‘कमी’ आणि ‘बंद’ हे दोन शब्द मी चिठ्ठीवर वेगवेगळे लिहितो. तुमच्या डॉक्टरांनी ‘कमी’ म्हटले होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ते घरी येईपर्यंत ‘बंद’ झाले, आणि त्याला कारण ठरला तो मुलीच्या पुस्तकातला शब्द. म्हणून आता त्या शब्दाकडे वळू.

सेंद्रिय म्हणजे इंद्रियांसहित, अर्थात सजीवांशी संबंधित. सजीवांच्या देहात सापडणारी साखर, तेल, प्रथिने यांसारखी संयुगे केवळ देहातच तयार होऊ शकतात, प्रयोगशाळेत नाही, अशी रसायनशास्त्रज्ञांची एके काळी समजूत होती, आणि त्या समजुतीतून सेंद्रिय व असेंद्रिय ही विभागणी आली. १८२८ मध्ये फ्रीड्रिख वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या असेंद्रिय क्षारापासून युरिया तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला. विभागणी तरीही राहिली. आज तिचा अर्थ ढोबळमानाने इतकाच, की कार्बनच्या साखळ्यांवर उभी असलेली संयुगे सेंद्रिय आणि बाकीची, कार्बन डायऑक्साइड व कार्बोनेट यांसारखे थोडे अपवाद धरून, असेंद्रिय. यात चांगले-वाईट असे काही नाही. तुमच्या बागेत ज्याला शिरकाव नाही तो युरिया रसायनशास्त्राच्या पुस्तकात सेंद्रिय संयुग आहे, नागाचे विषही सेंद्रिय आहे. आणि ज्या विहिरीच्या पाण्यावर तुमचे माड उभे आहेत ते पाणी असेंद्रिय आहे. शेतीतला ‘सेंद्रिय’ आणि रसायनातला ‘सेंद्रिय’ हे एकाच नावाचे दोन वेगळे गृहस्थ आहेत. या घोळाचा दोष मी तुम्हाला देणार नाही. पाठ्यपुस्तक एक अर्थ शिकवते, भाजीच्या दुकानावरची पाटी दुसरा सांगते आणि मोबाइलवरचा माणूस दोन्ही एकत्र कालवून तिसराच काढतो.

आता ही असेंद्रिय द्रव्ये शरीरात काय करतात ते पाहू. ‘कमीत कमी ठेवायची’ म्हटले, तर पहिले काढावे लागेल ते पाणी. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो, उतारवयात तो निम्म्याच्या आसपास येतो; म्हणूनच वृद्धांना पाण्याची आणि क्षारांची थोडी हेळसांडही लवकर जाणवते. हे पाणी पेशींच्या आत आणि बाहेर अशा दोन कप्प्यांत वाटलेले असते. बाहेरच्या कप्प्यात सोडियम जास्त, आतल्या कप्प्यात पोटॅशियम जास्त. ही असमानता आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो, तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपण काही न करता पडून असतानाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा भाग या पंपावर खर्च होतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये या पंपाचा शोध लावला, तो खेकड्यांच्या पायांतील मज्जातंतूंवर काम करताना; त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. खेकड्याच्या पायातल्या तंतूंनी एवढे मोठे गुपित सांगितले, याचे मला आजही अप्रूप वाटते. मेंदूचा निरोप बोटापर्यंत पोहोचणे, हृदयाचा ठोका पडणे, पोटरीचा स्नायू आवळणे आणि सैल होणे, ही सारी कामे या सोडियम-पोटॅशियमच्या जा-ये वर चालतात. सोडियम फार घसरले की पाणी पेशींच्या आत शिरू लागते आणि मेंदूच्या पेशी फुगतात. कवटीला फुगायला जागा नसते. माझ्या मच्छीमाराला मुलाचे नाव आठवेना ते यामुळे.

मिठातला दुसरा भाग क्लोराइड. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल त्यापासून बनते, आणि त्याशिवाय अन्नातील प्रथिने नीट पचत नाहीत. रक्ताची आम्लता अगदी अरुंद पट्ट्यात, म्हणजे सामू ७.३५ ते ७.४५ या दरम्यान राखण्याचे काम बायकार्बोनेट करते. पेशींत तयार होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत जातो तोही बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपात. रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवण्यात नायट्रिक ऑक्साइड या दोन अणूंच्या साध्या असेंद्रिय रेणूचा मोठा वाटा आहे, आणि त्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. सासऱ्यांचा रक्तदाब काबूत ठेवायला शरीर स्वतःच एक असेंद्रिय संयुग वापरत आहे, एवढे यातून ध्यानात घ्या.

हाडांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण सासूबाईंच्या गोळ्या तुम्ही थांबवल्या आहेत. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो, उरलेल्यात मुख्यतः प्रथिनांचे धागे आणि पाणी. मुलीला एक प्रयोग करायला सांगा. कोंबडीचे स्वच्छ केलेले हाड चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, की त्यातले क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. उलट हाड जाळले, तर धागे जळून जातात आणि राहते ते आकार टिकवून असलेले, पण बोटाने चुरगळणारे पांढरे द्रव्य. चितेच्या राखेतून आपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ज्या अस्थी वेचतो, तो माणसाचा असेंद्रिय भाग असतो. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर स्नायू, मज्जातंतू आणि रक्ताचे गोठणे चालते, त्यामुळे रक्तात कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर हाडांच्या ठेवीतून ते काढून घेते.

पाळी थांबल्यानंतर स्त्रियांच्या हाडांतली ही ठेव झपाट्याने घटते. सासूबाईंना गोळ्या कोणत्या कारणाने दिल्या होत्या ते पत्रात नाही. हाडे ठिसूळ झाली म्हणून दिल्या असतील, तर डॉक्टरांना विचारून लवकर पुन्हा सुरू करा, आणि कधी मुतखडा झाला असेल तर तेही त्यांना सांगा. बहुतेक गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यातही हेच द्रव्य असते, म्हणून ‘रसायन’ या शब्दाला भिण्याचे कारण नाही. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी. आहारातून म्हणाल, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्लेल्या मांदेलीतूनही ते मिळते. मात्र त्या वयातली गरज दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅमची असते, त्यामुळे एका भाकरीवर आणि चार मांदेल्यांवर सगळे भागेल असे समजू नये.

मुलीच्या बाबतीत मी तुमच्याशी स्पष्ट असहमत आहे. या वयात हिमोग्लोबिन किमान १२ असावे; ९.२ म्हणजे मध्यम तीव्रतेचा रक्तक्षय. रक्ताच्या लाल पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये लोहाचे अणू असतात आणि प्राणवायू त्यांनाच धरून प्रवास करतो. सबंध शरीरात लोह तीन-चार ग्रॅमच, एखाद्या लहान खिळ्याएवढे, पण दर महिन्याच्या पाळीत त्याची गळती होत असते. शाळेतली निळी गोळी आठवड्यातून एकदा असते, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते, आणि ती रक्तक्षय होऊ नये म्हणून दिली जाते. झालेला रक्तक्षय भरून काढण्यासाठी रोजची मात्रा लागते, ती डॉक्टर ठरवतील; जंताचे औषध द्यायचे का, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही ते पाहतील. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर लोह चांगले शोषले जाते, चहाबरोबर घेतली तर फारसे शोषले जात नाही, म्हणून गोळी आणि चहा यांत किमान एक तास असावा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी कोणीही एकाच वेळी घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. शौचाला काळे होते म्हणून घाबरून अनेक मुली गोळ्या फेकून देतात. ते काळेपण निरुपद्रवी आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा.

आता मिठाच्या प्रकारांविषयी. गुलाबी सैंधव खाणीतले मीठ आहे, त्यातही सुमारे ९८ टक्के सोडियम क्लोराइडच असते, गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते, आणि तो अंश इतका थोडा असतो की त्याने मुलीचे हिमोग्लोबिन वाढणार नाही. रक्तदाबासाठी सैंधव आणि पांढरे मीठ यांत फरक नाही. आयोडीनच्या दृष्टीने मात्र आहे. पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ असे स्पष्ट छापलेले नसेल, तर सैंधवातून आयोडीन मिळत नाही असेच धरून चला. ‘आम्ही समुद्राकाठची माणसे, आम्हाला आयोडीन कमी कसे पडेल’ हे मी किनाऱ्यावर शेकडो वेळा ऐकले आहे. तुमच्या तालुक्यातल्या शिरोड्याला, जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागराच्या वाफ्यांत समुद्राचे पाणी आटवून मीठ पिकवले जाते, पण पाण्यातले आयोडीन त्या खड्यांत फारसे उतरत नाही. समुद्री मासळीतून ते काही प्रमाणात मिळते, परंतु श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत मासळी बंद असते. थायरॉइड ग्रंथीला प्रौढपणी रोज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदरपणी २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दिसले, त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे अपेक्षित आहे. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते आणि त्याबरोबर आयोडीनही जाते, म्हणून मीठ चुलीपासून दूर, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. तुमच्या घरी, विशेषतः मुलीसाठी, साधे आयोडीनयुक्त मीठच असावे असे माझे मत आहे.

नणंदेने पाठवलेल्या पुडीविषयी सावधगिरीने लिहितो, कारण ती वस्तू मुळात वाईट नाही. अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, तीन भाग सोडियम आणि एक भाग पोटॅशियम अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटले. परंतु त्या अभ्यासात गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना घेतलेले नव्हते. जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. सासऱ्यांचे क्रिएटिनिन १.६ आहे, म्हणजे मूत्रपिंडे पूर्ण ताकदीने काम करत नसावीत, आणि टेल्मिसार्टन हे औषध शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. या दोन्हींवर पोटॅशियमचे मीठ म्हणजे हृदयाच्या ठोक्याशी खेळ. क्लोरथॅलिडोन पोटॅशियम घटवते हे खरे, पण दोघांच्या रस्सीखेचीत कोण जिंकते आहे हे रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. ज्यांच्या औषधाच्या नावाचा शेवट ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ असा आहे, जे स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारे आणखी एक औषध) घेतात, किंवा ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास अथवा अनेक वर्षांचा मधुमेह आहे, अशा वाचकांनीही ही पुडी डॉक्टरांना दाखवल्याखेरीज फोडू नये.

शहाळ्याचे उत्तर याच हिशेबातले आहे. त्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २०० मिलिग्रॅम किंवा थोडे अधिकच पोटॅशियम असते. तुम्ही, यजमान आणि मुलगी खुशाल प्या, परंतु सासऱ्यांचा रक्ततपासणीचा आकडा हाती येईपर्यंत रोजचे शहाळे नको. घरच्या माडाचे म्हणून ते औषधाच्या हिशेबातून सुटत नाही.

मग मीठ किती? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण सगळे आले. सासऱ्यांचा आकडा त्यांचे डॉक्टर तपासणीनंतर ठरवतील. घरासाठी एक सोपा हिशेब सांगतो. पाच माणसांचे रोजचे २५ ग्रॅम धरले, तर एक किलोची पिशवी ४० दिवस पुरायला हवी. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. लोणच्याला आणि मासे खारवायला लागणारे मीठ वेगळ्या पिशवीतून घ्या, म्हणजे हिशेब बिघडणार नाही. पिशवी पंचवीस दिवसांत संपली, तर मीठ कोठे जाते ते शोधायला लागा. बहुतेक घरांत मला ते भाजीत सापडत नाही. ते खाऱ्या बांगड्यात, खारातल्या कैरीत, आगळात आणि बेकरीच्या पावात सापडते. खायचा सोडा हाही सोडियमचाच क्षार आहे, आणि पोट जड झाले की पाण्यात टाकून घ्यायच्या फसफसणाऱ्या पुड्याही त्यातल्याच. सोलकढीला आगळ न वापरता बिनमिठाची आमसुले भिजवून घ्या. खारा बांगडा दोन पाण्यांत भिजवून पाणी फेकून द्या आणि मग निखाऱ्यावर टाका. तिरफळ, ओली मिरची, कैरी, लिंबू यांच्या आंबट-तिखटात कमी मीठ खपून जाते, हे सासूबाईंना माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत असणार. मीठ एकदम तोडू नका, दर पंधरा दिवसांनी थोडे उतरवत न्या. जिभेला कमी खारटाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. उन्हाळ्यात तुमच्या विहिरीला मचूळ पाणी येत असेल, तर पिण्याचे आणि पेजेचे पाणी दुसऱ्या विहिरीचे घ्या, कारण तेही मीठच आहे.

घामाचे गणित निराळे. घामाच्या एका लिटरातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जाते. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी माडांना पाणी लावणाऱ्या माणसाला आणि ओसरीवर बसून राहणाऱ्या माणसाला एकच माप लावता येत नाही, म्हणून सासरे दिवसभर काय करतात हे डॉक्टरांना सांगा. चक्कर थांबेपर्यंत बागेतले काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर करावे, सोबत कोणी असावे आणि विहिरीच्या काठावर त्यांनी एकट्याने जाऊ नये. जुलाब-उलट्या झाल्यास जलसंजीवनीचे पाकीट घरात असू द्या. तिच्यातही मीठ, सायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइडच आहे, जोडीला ग्लुकोज. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण अशाच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर वाचवले. सासऱ्यांना ती देण्याची वेळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, कारण अशा आजारपणात त्यांच्या गोळ्यांतही बदल करावा लागू शकतो.

राहिला प्रश्न वादाचा. तुमच्या पत्रात सगळ्यांचे म्हणणे आहे, फक्त ज्यांच्या ताटातले मीठ गेले त्यांचे नाही. ज्याने आयुष्यभर सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खारातली कैरी खाल्ली, त्या माणसाला तुम्ही एका दिवसात दोन्हींपासून तोडलेत आणि त्याला स्वतःच्याच घरात फडताळामागे लपून खावे लागले. त्यांना एकट्याने बसवून विचारा, की दिवसभरातल्या कोणत्या एका घासाला मीठ हवेच आहे. बहुधा ते पेज म्हणतील. तसे असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पेजेत मोजून चिमूटभर मीठ घाला आणि कैरीची फोड पाण्यात भिजवून अर्धी द्या. दुपारच्या आमटीत, भाजीत त्याची भरपाई करता येईल. सासूबाईंच्या बोलण्यात राग आहे, पण तथ्यही आहे. किंबहुना त्यांची उपमा थोडी चुकली, कारण गुरांच्या आंबोणातही आपण मीठ घालतोच. मीठ बंद करणे ही तुमची चूक होती, हे तुम्ही स्वतः त्यांना सांगितलेत, तर मीठ कमी करण्याच्या कामात त्यांचीच सर्वांत जास्त मदत होईल, कारण वाटणातले मीठ त्यांच्या हातात आहे.

दवाखान्यात जाताना गेल्या वर्षीचा अहवाल, सासऱ्यांच्या गोळ्यांचे पाकीट, सैंधवाची पिशवी आणि नणंदेची पुडी, चारही वस्तू एकाच पिशवीत घालून न्या आणि टेबलावर मांडा. तपासणीचे आकडे मिळेपर्यंत ती पुडी फोडू नका, आणि रोजच्या वापरातल्या मिठाच्या बरणीशेजारी तर मुळीच ठेवू नका. दोन्ही मिठे दिसायला सारखीच पांढरी असतात.